स्टेडियममधील तळलेल्या बटाट्यांचे निःपक्षपाती परीक्षण

रविवार, ३ मार्च. सायंकाळी ७.

हे अन्नदात्या, कृपासिंधो, ज्याच्या इच्छेवाचून दाणा रुजत नाही आणि घास गळ्याखाली उतरत नाही, त्या तुझे स्मरण करून ही नवी वही उघडतो. माझ्या लेखणीस सत्य, जिभेस संयम आणि पोटास शांती दे. विषय तळलेल्या बटाट्यांचा आहे.

चिरंजीवाने मला स्टेडियमचा संपूर्ण मोसमाचा पास दिला. चाळीस वर्षे प्राचीन वाङ्मय शिकवलेल्या पित्याचा हा यथोचित सन्मान होय. पत्नीचे म्हणणे निराळे. “सन्मान कसला? आठवड्यातून तीन तास घरात शांतता हवी म्हणून मीच सांगितलं त्याला.” विनोदबुद्धी तिच्याकडे पूर्वीपासूनच आहे.

आज पहिला सामना पाहिला. कोण कोणाशी खेळले हे विचारायचे राहून गेले. मध्यंतरात स्टॉलवरून बटाट्याच्या तळलेल्या कापांचा एक कागदी कोन व एक चहा घेतला. कोनात चौदा काप. त्यांपैकी चार करपलेले, तीन कच्चे, उर्वरित वाकलेले. चहा म्हणजे चहाशी नुकतीच तोंडओळख झालेले गरम पाणी. आणि किंमत! तेवढ्या पैशांत भाजीवाली पाच किलो बटाटे देते, वर कोथिंबीर घालते, शिवाय घरच्यांची चौकशी करते.

शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त बसचालक बसतात. मी त्यांना अन्नविक्रयातील अधर्मावर शास्त्रवचने ऐकवली. ते म्हणाले, “गुरुजी, गोल झाला तो बघितला का?” नाही.

प्रतिज्ञा: या जन्मी स्टेडियममधील अन्नाचा कण माझ्या मुखात जाणार नाही.


सोमवार, ४ मार्च

सूनबाईस प्रतिज्ञा सांगितली. तिला आनंद झाला असावा. हात कणकेत असल्याने दिसला नाही. घरामागच्या खोलीत ती सहा ऑफिसांचे डबे करते. सहाही ऑफिसे वरच्या मजल्यांवर, लिफ्ट एकाही इमारतीत नाही, आणि तिच्या गुडघ्यांना ते आता मानवत नाही. स्टेडियमच्या स्टॉलचे कंत्राट तीन वर्षांतून एकदा निघते. यंदा तिने अर्ज केला आहे. मिळाले तर जिने सुटतील.

नऊ वर्षे ते कंत्राट एकाच गृहस्थाकडे आहे. त्याला मी मनातल्या मनात ‘तळणसम्राट’ अशी पदवी दिली आहे. सूनबाईचे काप मी अकरा वर्षे खात आहे. तिचा हात हजारांत ओळखेन.


रविवार, १० मार्च

घरून थर्मासमध्ये सूनबाईच्या हातचे बटाट्याचे सूप नेले. फाटकावरच्या रक्षकाने अडवले. बाहेरचे अन्न आत चालत नाही, म्हणे. मी त्यास समजावले की, अन्न हे भोक्त्याच्या आत जाण्यासाठीच जन्मास येते, तस्मात् तत्त्वतः कोणतेही अन्न बाहेरचे नसते. तो म्हणाला, “आजोबा, मागं रांग थांबलीये. प्या नाहीतर ठेवा.”

प्यालो. एक लिटर, उभ्याने, उकळते. रांगेतील कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

पूर्वार्ध प्रसाधनगृहात गेला. मध्यंतरात अंगात त्राण नव्हते. एक कोन घेतला. हा प्रतिज्ञाभंग नव्हे. जो निंदा करतो त्याने निंद्य वस्तूचे साक्षात् ज्ञान करून घ्यावे, असा पूर्वाचार्यांचा आग्रह आहे. अभ्यासार्थ खाल्लेले अन्न भोजनात मोजत नाहीत.

निष्कर्ष: अत्यंत निकृष्ट. संपूर्ण संपवून खात्री केली.


रविवार, १७ मार्च

दोन कोन. दुसरा पहिल्याशी तुलना करण्यासाठी.

बसचालक म्हणाले, “गुरुजी, एवढं वाईट आहे तर माझ्याकडे द्या की उरलेला अभ्यास.” उरला नव्हता.


बुधवार, २० मार्च

स्टेडियम कमिटीस चौदा पानी तक्रारपत्र पाठवले. पहिली पाच पाने अन्नाच्या महिम्यावर; सहाव्या पानावर बटाट्याचा प्रवेश. तेलाविषयी लिहिले की, हे तेल इतक्या वेळा तापले आहे की त्यास पूर्वजन्मांचे स्मरण असावे. हे वाक्य मला फार साधले आहे.

सूनबाईने विचारले, “बाबा, त्यात माझं नाव नाही ना कुठं?” नाही म्हणालो. तिने सुस्कारा सोडला. प्रसिद्धीपराङ्मुख आहे.

पत्नीस माझ्या कोटाच्या खिशात केचपच्या सात पुड्या सापडल्या. पुरावा म्हणून जमवल्याचे सांगितले. “पुरावा फोडून चाटलेला कसा?” या प्रश्नास उत्तर देणे मी टाळले. प्रत्येक प्रश्न उत्तरास पात्र नसतो.


मंगळवार, २६ मार्च

महत्त्वाचा शोध. स्टेडियममधील स्टॉलची एक खिडकी रस्त्याच्या बाजूस उघडते. खेळाडूंचा सराव असतो म्हणून ती रोज चालू असते. सायंकाळच्या फेरीची दिशा बदलली. त्या बाजूची हवा अधिक शुद्ध वाटते.

केवळ रविवारच्या नमुन्यावरून मत बनवणे अन्यायाचे होय. सोमवारचेही पाहिले. आजचे पाहिले. आजचे नीट न कळल्याने घरी निघालो असता वळून पुन्हा पाहिले.

खिडकीवरची बाई आता मला विचारत नाही. लांबून दिसलो की कोन भरते. यावरून तपासणीचा धाक बसल्याचे स्पष्ट आहे.


बुधवार, ३ एप्रिल

सत्याचा जय! कमिटीच्या सेक्रेटरीचा फोन आला. म्हणाले, “तुमचं पत्र मिळालं. सगळं वाचलं नाही, पण वजन केलं.” कंत्राट देण्यापूर्वी अर्जदारांच्या बटाट्याच्या कापांची चव घेतली जाते. तीन परीक्षक असतात. त्यांतील प्रेक्षक प्रतिनिधीची जागा कोणालाच नको असल्याने रिकामी आहे. याल का?

मी धर्मास अनुसरून तत्काळ सांगितले की, माझी सून अर्जदार आहे. ते म्हणाले, “अहो, दुसरे परीक्षक कंत्राटदाराचे मावसभाऊ आहेत आणि तिसऱ्या बाई सगळ्यांच्याच शेजारी राहतात. म्हणून तर बाउलवर नावं नसतात, नुसते नंबर असतात, ते अर्जदारालाच माहीत.”

किती निर्दोष पद्धत!

घरी वार्ता सांगितली. सूनबाई पोळपाट सोडून उभी राहिली. “बाबा, तुम्ही नका ना जाऊ. प्लीज. मी यासाठी दोन ऑफिसं सोडलीत. अगदी सरळ होऊ दे ते.” मी तिच्या मस्तकी हात ठेवून सांगितले की, मी तसूभरही पक्षपात करणार नाही. तिचा बाउल ओळखू येणार, यास माझा इलाज नाही. ओळखणे हा गुन्हा नव्हे. ओळखूनही मी तिला योग्य तेवढेच गुण देईन. दहापैकी दहा.

तिने चिरंजीवाकडे पाहिले. चिरंजीवाने छताकडे पाहिले.


सोमवार, ८ एप्रिल

परीक्षकाची जिव्हा निर्मळ असावी. संकल्प: शुक्रवारपर्यंत केवळ कोमट पाणी, उकडलेली भाजी, जप. तळण वर्ज्य.


मंगळवार, ९ एप्रिल

प्राचीन ऋषी अरण्यात कंदमुळे खाऊन राहत. बटाटा कंद आहे. हा विचार मला खिडकीसमोर उभा असतानाच सुचावा, हा ईश्वरी संकेत. संकल्पात किंचित सुधारणा केली.

दोन कोन. दोन्हींपूर्वी प्रार्थना म्हटली.


शुक्रवार, १२ एप्रिल. दुपारी ४.

आज परीक्षण झाले. स्टेडियमखालच्या मीटिंगरूममध्ये लांब टेबल, पांढरा कागद, चार बाउल. छातीला बिल्ला लावला. मावसभाऊ मोबाइल पाहत होते. तिसऱ्या बाईंनी स्वतःचा चमचा आणला होता.

क्रमांक एक: मऊ. निष्पाप. पाच गुण.

क्रमांक दोन: याबद्दल मला कठोर व्हावे लागले. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, परंतु पुढे काय? बटाट्यास केवळ बटाट्याचा वास येत होता. तेल अगदी ताजे, म्हणजे अननुभवी. मीठ संकोचाने घातलेले. खाल्ल्यावर घशाशी काही राहिले नाही, छातीत काही पेटले नाही. दोन गुण. शेऱ्यात लिहिले: ‘ज्याने हे केले त्याने स्वयंपाकघरात पुन्हा पाऊल न टाकणे हेच समाजाच्या हिताचे.’

क्रमांक तीन: पुठ्ठा. एक गुण, तोही पुठ्ठा सुबक कापल्याबद्दल.

क्रमांक चार. काय लिहू! पहिला काप जिभेवर ठेवला आणि डोळे भरून आले. तो थोडा करपलेला काठ, तो मधला कच्चेपणा, तो जिभेवर रेंगाळणारा गूढ जुनेपणा! जणू कोणी नावाने हाक मारली. अकरा वर्षांचा ऋणानुबंध उगीच नसतो. उठून उभा राहिलो. दहापैकी दहा. शेरा: ‘हाच आमच्या घरचा हात!’

तिसऱ्या बाई म्हणाल्या, “बसा हो, चक्कर येईल.”


शनिवार, १३ एप्रिल

निकाल सोमवारी. तोवर गुप्तता पाळणे माझे कर्तव्य. सूनबाईस इतकेच सांगितले की, पाटी रंगवायला टाकण्यास हरकत नाही. ती म्हणाली, “बाबा, एकच सांगा. कुठला नंबर आवडला?” मी गुप्तता मोडली नाही. फक्त चार बोटे दाखवली.

“चार?” असे म्हणून ती आत गेली व बराच वेळ बाहेर आली नाही. अत्यानंद माणसास मूक करतो. बंद दाराआडून पाण्याचा नळ ऐकू येत होता.


सोमवार, १५ एप्रिल. सकाळी ११.

फाटकावरच्या बोर्डावर निकाल लागला. चष्मा पुसून तीनदा वाचला.

क्रमांक चार, प्रथम: विद्यमान कंत्राटदार.

क्रमांक दोन, द्वितीय: सूनबाई. अवघ्या तीन गुणांनी मागे. खाली परीक्षकांचे शेरे, नावांसह, ठळक टायपात.

सेक्रेटरीकडे जाऊन बाउलांची अदलाबदल झाल्याचे निदर्शनास आणले. त्यांनी सांगितले की, चारही बाउल त्यांनी स्वतःच्या हातांनी आणले होते आणि नंबर त्यांच्या मुलीने रंगीत खडूने लिहिले होते. मी म्हणालो, मग चूक कोठे झाली असेल? ते माझ्या मिशीकडे पाहत राहिले. बाहेर आल्यावर आरशात पाहिले. केचप होता. सकाळी खिडकीवरून आलो होतो; निकालाचा ताण होता.


मंगळवार, १६ एप्रिल

शांतपणे कारणमीमांसा केली. बाउल दोन पंख्याखाली होता. चमचा धातूचा होता. शुक्रवारी हवेत दमटपणा होता. मावसभाऊंच्या अत्तराने घ्राणेंद्रिय भ्रमले. यांतील कोणतेही एक कारण पुरे. येथे तर चार आहेत. मी निर्दोष आहे.

पत्नी म्हणाली, “अहो, ज्याच्यावर चौदा पानं लिहिलीत त्यालाच दहापैकी दहा? तुमची जीभ नक्की कुणाकडं राहायला गेलीय?” चिरंजीव म्हणाला, “बाबा, शत्रूनं सुद्धा दोनाऐवजी तीन दिले असते.”

सूनबाईने माझे ताट वाढले, डब्यांच्या पिशव्या उचलल्या आणि गेली. सोडलेल्या दोन ऑफिसांनी दुसरी व्यवस्था केली आहे. आता तिला नवी दोन शोधावी लागतील. एक सापडले आहे. पाचव्या मजल्यावर.

पंख्याचे कारण पुन्हा तपासून पाहिले. पंखा त्या दिवशी बंद होता.


गुरुवार, १८ एप्रिल

बसचालक घरी आले. हातात नवा कोन. तळणसम्राटाने नवे कोन छापून घेतले आहेत. त्यावर लाल अक्षरांत: ‘हाच आमच्या घरचा हात! — विद्वान परीक्षकांचे उद्गार’. खाली माझे चित्र. मिशी मोठी काढली आहे.

बसचालक म्हणाले, “गुरुजी, फेमस झालात. रविवारी सतरा हजार लोक तुमच्यात बोटं घालतील.”

कोन रिकामा नव्हता. मी तो तसाच परत दिला.


शुक्रवार, १९ एप्रिल. सकाळी ६.

सूनबाई मागच्या खोलीत बटाटे सोलत होती. मी क्षमायाचनेचे भाषण तयार केले होते. त्याचे चार भाग होते. पहिला भाग मानवी इंद्रियांच्या मर्यादांवर. आरंभ करणार तोच तिने मान वर न करता विचारले, “बाबा, दोन नंबरमध्ये नक्की काय कमी होतं? तेवढं सांगा. मी सुधारीन.”

रागावली असती तर मला उत्तर सुचले असते. ती खरोखर विचारत होती. हातात सुरी, समोर पाण्यात बटाटे, आणि सुधारण्याची तयारी.

मी म्हणालो, “कमी काही नव्हतं.”

“मग?”

मग काय, ते सांगेपर्यंत तिने सहा बटाटे सोलले. शेवटी म्हणालो की, मला त्या दुसऱ्याची सवय झाली आहे.

ती हसेल वा रडेल असे वाटले होते. तिने हात पुसले आणि फळीवरून नियमांचा कागद काढला. निकालानंतर सात दिवसांत परीक्षक स्वतःचे गुण मागे घेऊ शकतो. मात्र कारण लेखी द्यावे लागते, आणि ते बोर्डावर लागते. तिला हे सोमवारपासून माहीत होते. “तुम्ही आपणहून याल का ते बघत होते,” म्हणाली. “बाबा, मला तो पाचवा मजला नको आहे.”


शनिवार, २० एप्रिल

नऊ पानी निवेदन घेऊन गेलो. त्यात हवामान, दमटपणा, अत्तर व जिव्हेचे तत्त्वज्ञान सविस्तर मांडले होते. सेक्रेटरींनी ते बाजूस ठेवले व एक फॉर्म पुढे केला. त्यावर ‘कारण’ या शब्दापुढे एकच ओळ होती. मी पुरवणी मागितली. पुरवणी नसते.

अर्धा तास त्या ओळीपुढे बसलो. आयुष्यात इतके थोडे लिहिण्याची वेळ कधी आली नव्हती. अत्तर लिहिले असते तर अत्तरच मावले असते. पाचवा मजला डोळ्यांपुढे आला. सूनबाई जिना चढताना कठड्यास धरते ते आठवले.

लिहिले: ‘मी तीन आठवडे रोज हेच खात होतो. आता मला चांगले ओळखू येत नाही.’

सेक्रेटरींनी मोठ्याने वाचले. शिक्का उचलला. थांबले. “रोज?”

म्हणालो, “मंगळवारी दोनदा.”

त्यांनी तेही लिहून घेतले.


सोमवार, २२ एप्रिल

माझे गुण वगळून फेरमोजणी झाली. सूनबाई पाच गुणांनी पुढे. मावसभाऊंनी सुद्धा तिला आठ दिले होते. त्यांना वाटले तो आपल्याच भावाचा बाउल.

मात्र तळणसम्राटाने कोन छापण्याच्या खर्चावरून आरडाओरड केली, तेव्हा कमिटीने तोडगा काढला: मुख्य स्टॉल सहा महिने त्याच्याकडे, पूर्वेच्या स्टँडखालची खिडकी आजपासून सूनबाईकडे, नंतर सगळेच तिच्याकडे. ती खिडकी प्रसाधनगृहाला लागून आहे आणि दुपारभर उन्हात असते. सूनबाई तिथे उभी राहून चहूकडे पाहत होती. म्हणाली, “तळमजला आहे.” एवढेच म्हणाली, पण दोनदा.

बिल्ला परत द्यावा लागला. माझी ओळ बोर्डावर आहे. लोक थांबून वाचतात. रक्षकाने मला ‘मंगळवार आजोबा’ हे नाव ठेवले आहे व ते झपाट्याने रूढ होत आहे.

घरी सर्व बसले असता मी सुचवले की, पहिल्या दिवशी मालाची चव पाहण्यास कोणी जाणकार माणूस खिडकीवर असावा. सूनबाईने नम्रपणे पत्नीकडे पाहिले. पत्नी म्हणाली, “हे येतील. यांना मागं बसव, बटाटे सोलायला. कच्चे.”

उद्या सकाळी साडेपाचला बोलावले आहे. साठ किलो आहेत. सोलाणे पत्नीने उशापाशी आणून ठेवले आहे.

ही वही कोणी वाचू नये. तरीही कोणाच्या हाती पडलीच, तर त्या सर्व वाचणाऱ्यांचे कल्याण असो. तुमच्या वाट्यास ताजे तेल आणि आखूड रांग येवो, तुमच्या घरी रांधणाऱ्या हातांना जिने थोडे असोत, आणि चांगले पुढ्यात आले असता ते ओळखण्याची बुद्धी परमेश्वर तुम्हांस देवो. माझी परत येईल तेव्हा येईल.